रोमिओ-ज्युलिएट: तलवारवाला की पिस्तूलवाला?

काल लेक फोनवर १९९६चा रोमिओ-ज्युलिएट बघत होती, लिओनार्डोचा. भाजी निवडता निवडता डोकावले आणि टीवायचा अंधारा वर्ग आठवला. मॅडमनी १९६८चा, दिग्दर्शक झेफिरेल्लीचा, कॅसेटवर दाखवला होता. दगडी गल्ल्या, मखमली कपडे आणि दोघं खरंच पोरवयाची; शूटिंगच्या वेळी ती सोळा, तो सतरा. शेवटी अख्ख्या बाकावर मुसमुस. लेकीच्या पिक्चरमध्ये मात्र फुलाफुलांचे शर्ट नि पिस्तुलं, वर भाषा शेक्सपिअरचीच! आधी हसले, मग तिथेच बसले. तुम्ही कुठला आधी पाहिलात? लिहा गं/रे.

खारेदाणे: त्या पिस्तुलांवर कंपनीचं नाव 'स्वोर्ड' आहे! म्हणून तलवारीचे संवाद तसेच खपून जातात. मला हे चौथ्यांदा बघताना कळलं.

फुलपात्र: मी आधी नवा. मग जुन्यात बाल्कनी आली तर म्हटलं, स्विमिंग पूल कुठाय? 😂

सदाफुली: कॅसेट!! आम्ही व्हीसीआर भाड्याने आणायचो. एका रात्रीत तीन पिक्चर, पैसे वसूल. तिसऱ्याला फक्त आजी जागी.

उंबरठा: नव्याचा शेवट जिव्हारी लागतो. तो विष घेतोय आणि तिचे डोळे उघडतात. नाटकात तो गेल्यावर ती जागी होते. आमचे हे म्हणाले, "दहा सेकंद दम धरवला नाही याला." दोन दिवस बोलले नाही मी.

जुनाखोड: जुना म्हणजे मुळाबरहुकूम, असं काही नाही हं. थडग्यापाशी रोमिओ पॅरिसला मारतो, ते दोन्हींत गाळलंय. जुन्यात जुने ते कपडे.

खारेदाणे: काका, पॅरिस कोण?

जुनाखोड: ज्युलिएटला सांगून आलेलं स्थळ.

खारेदाणे: अरेरे, कांदेपोहेवाला. त्याला कोण विचारतंय!

सदाफुली: आमच्या पिढीचा रोमिओ म्हणजे 'कयामत से कयामत तक'. १९८८. बाकी तुमचं चालू द्या, पाणी आलंय.

उंबरठा: @सदाफुली, आमच्याकडे कालपासून नाही 😭

(धागाकर्ती): लेकीला आज जुना लावून दिला. "किती हळू आहे गं" म्हणाली. पण मेजवानीतलं गाणं सुरू झालं तसं चॅटिंग थांबलं.

फुलपात्र: आणि भाजी कुठली होती?

(धागाकर्ती): मेथी. सुकली. पिठलं केलं.