जेफरसनचं १८०१चं भाषण: लोकशाहीचा पाया की जिंकलेल्याचं औदार्य?

मूळ धागा
४ मार्च १८०१ला टॉमस जेफरसन अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष झाले. त्यांच्या भाषणातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: बहुमताचंच चालेल, पण ते विवेकाला धरून हवं, अल्पमतातल्यांचे हक्क समान आहेत आणि ते मोडणं हा जुलूम. हे कोणत्या घडीला म्हटलंय ते बघा. तेव्हा प्रत्येक निर्वाचक (अध्यक्ष निवडायला राज्याने नेमलेला प्रतिनिधी) दोन मतं द्यायचा. अध्यक्षाचं कुठलं, उपाध्यक्षाचं कुठलं, हा भेदच नव्हता. त्यामुळे जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार एरन बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली. निकाल प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात गेला. तिथे एका राज्याला एक मत, १६पैकी ९ हवीत. ३५ फेऱ्या जेफरसन ८वरच अडकले, ३६व्या फेरीत १० मिळाली. एवढ्या ओढाताणीनंतर 'आपण सगळे रिपब्लिकन (त्यांचा पक्ष), आपण सगळे फेडरलिस्ट (विरोधी पक्ष)' म्हणायला मोठं मन लागतं.

प्रतिसाद १
सहमत नाही. ती ७३ मतं आली कुठून? राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांच्या संख्येचे तीन-पंचमांश धरत, आणि निर्वाचकही त्याच प्रमाणात. समोरचे फेडरलिस्ट उमेदवार, तेव्हाचे अध्यक्ष जॉन अॅडम्स यांना ६५ मतं. गुलामांमुळे मिळालेले जादा निर्वाचक वजा केले तर अॅडम्स जिंकतात, असा हिशोब अनेक इतिहासकारांनी मांडलाय. १८००च्या जनगणनेत सुमारे ५३ लाखांत ८ लाख ९३ हजार गुलाम होते. भाषणात 'सर्वांना समान न्याय' आहे, गुलामगिरीबद्दल अवाक्षर नाही. अल्पमताचे हक्क सांगणाऱ्याचं बहुमतच असं उभं होतं!

धागाकर्ता
हा डाग पुसता येत नाही, पुसायचाही नाही. पण फेडरलिस्टांनी केलेला १७९८चा राजद्रोह कायदा विसरू नका. सरकार, काँग्रेस (अमेरिकेची संसद) किंवा अध्यक्षांविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिल्याचा ठपका आला की २ वर्षांपर्यंत कैद, २००० डॉलरपर्यंत दंड. त्या यादीत उपाध्यक्ष मुद्दाम नव्हते, कारण तेव्हा त्या पदावर जेफरसनच होते. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ला संपली. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, संघराज्य मोडू पाहणाऱ्यांनाही हात लावू नका. विवेकाला मोकळीक असेल तर चुकीचं मत खपवून घेता येतं. नंतर शिक्षा झालेल्यांना माफीही दिली. हत्यार नव्याने घडवायला बहुमत त्यांच्याकडेच होतं.

प्रतिसाद २
माफी खरी, पण पुढचं वाचा. फेब्रुवारी १८०३मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॅककीन यांना पत्रातून सुचवलं, की निवडक वृत्तपत्रांवर राज्याच्या कायद्याखाली थोडे खटले भरले तर उपयोग होईल. म्हणजे त्यांचा आक्षेप होता तो केंद्राला हा अधिकार असण्यावर. राज्यांनी तो वापरायला त्यांची हरकत नव्हती. भाषणातही मुद्रणस्वातंत्र्य आहे आणि राज्यांच्या सर्व हक्कांना पाठिंबाही आहे. ही दोन कलमं एकमेकांना भिडली तेव्हा त्यांनी राज्यं निवडली.

प्रतिसाद ३
दोघांच्या वादात एक राहिलं. ७३-७३चा पेच भाषणाने सुटला नाही. १८०४च्या बाराव्या घटनादुरुस्तीने अध्यक्ष-उपाध्यक्षांची मतं वेगळी केली, तेव्हा सुटला. तीन-पंचमांशाचा हिशोब मात्र त्या दुरुस्तीत जसाच्या तसा ठेवला.