अण्णांची दाढ दुखायची थांबली, आता रूट कॅनाल करायचं का काढून टाकायची? (सोलापूर)

शेळगीची_लेक:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण वाचून सांगा. आमच्या अण्णांचं वय ६१, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर सगळं आयुष्य गेलं, आता घरीच असतात. खालची उजवीकडची मोठी दाढ किडलेली होतीच, पण तीन आठवड्यांपूर्वी गार पाणी लागलं की अशी कळ यायची की पाच-पाच मिनिटं जायचीच नाही, आणि रात्री आडवं झालं की ठणका पार कानापर्यंत. दोन रात्री बसून काढल्या त्यांनी. आईनं लवंग धरायला दिली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, शेवटी मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनाल (आतली नस काढून, साफ करून भरणं) करावं लागेल आणि वर कॅप, म्हणजे दाढेवर बसवायची टोपी, तीन-चार वेळा यायला लागेल.

आता चार दिवस झाले दुखणं आपोआप बंद. गार पाणीसुद्धा लागत नाही. अण्णा म्हणतात बरी झाली की दाढ, कशाला पैसे घालवालीस, परत दुखली तर उपटून टाकू. आत्या म्हणते दाढ काढली की नजर कमी होते म्हणून तेही नको. आणि अण्णांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी लागतेच, पण अजून सगळं डावीकडनंच चावतात, भाकरी आमटीत भिजवून खातात, मला बघवत नाही. काय करावं?

होटगीरोडकर:
ताई थांबू नका. माझंही असंच बंद झालं होतं, मी खूश. दीड महिन्यानं बरोबर गड्डा जत्रेच्या दिवसात गाल एवढा सुजला की तोंड उघडेना, अख्खी जत्रा घरात बसून काढली. ते आपोआप थांबणं चांगलं नसतं एवढं मला तेव्हा कळलं. डॉक्टर लोक नीट सांगतील.

बीडीएस_सोलापूर:
मी इथंच दातांची प्रॅक्टिस करतो. तुम्ही जे लिहिलंय ना, गार लागल्यावर कळ रेंगाळणं आणि रात्री आडवं झाल्यावर ठणका, ही दाताच्या आतली नस सुजल्याची खूण आहे. नस कडक दाताच्या आत कोंडलेली असते, सुजली तरी तिला फुगायला जागा नाही, म्हणून एवढं दुखतं. आणि मग एक दिवस ती नस मरते. मेली की गार-गरम काही कळत नाही आणि माणसाला वाटतं बरं झालं. पण आतली मेलेली नस कुजते, जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथं पू धरतो. अँटिबायोटिकनं हे बरं होत नाही, कारण मेलेल्या नसेत रक्तच जात नाही तर औषध कसं पोचणार. शुगर असेल तर इन्फेक्शन लवकर पसरतं, आणि इन्फेक्शन असलं की शुगरही आटोक्यात राहत नाही. म्हणून अण्णांच्या बाबतीत तर अजिबात टाळू नका.

नजरेचं म्हणाल तर, डोळ्याच्या नसा वेगळ्या, दाताच्या वेगळ्या. दाढ काढून नजर जात नाही, आत्यांना निर्धास्त राहायला सांगा. पण वाचणारी दाढ काढूही नये. काढली की शेजारची दाढ त्या जागेत कलते, वरची हळूहळू खाली उतरते, आणि पुढं ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला नकली दात, करायचा म्हटलं तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. अण्णांना चावायला जी दाढ लागते तीच ही आहे.

तोपर्यंत दोन गोष्टी. गालाला बाहेरनं शेक देऊ नका, आणि गोळी चुरून हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. सूज गळ्याकडं उतरली, गिळायला त्रास झाला किंवा ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ सिव्हिल गाठा.

शेळगीची_लेक:
डॉक्टर खूप खूप धन्यवाद, अण्णांना हेच वाचून दाखवलं. आता त्यांची भीती वेगळी आहे, इंजेक्शन देऊनसुद्धा दुखतं म्हणे, शेजारच्या काकांनी सांगितलंय. आणि कॅप लागतेच का? दवाखान्यात रूट कॅनालचे वेगळे आणि कॅपचे वेगळे पैसे सांगितलेत, कॅपचेच जास्त वाटालेत.

विडीघरकुल_४१:
कॅपचं मी सांगते, कारण माझी दाढ त्यातच गेली. रूट कॅनाल झालं, दुखायचं थांबलं, मला कॅपबद्दल कुणी नीट समजावून सांगितलंच नाही, नुसतं बघू नंतर म्हणाले, मी पण विसरले. आठ महिन्यांनी भाजलेले शेंगदाणे खाताना कट् आवाज आला आणि दाढ उभी चिरली, थेट मुळापर्यंत. मग काढावीच लागली. रूट कॅनालचे पैसे गेले, दाढ गेली, अजून राग येतो मला. तुमच्या अण्णांना कडक भाकरी खायचीय ना, मग कॅप आधीच ठरवून ठेवा.

बीडीएस_सोलापूर:
ताई म्हणतात ते खरं आहे. दाढ आधीच किडीनं पोखरलेली, त्यात वरनं भोक पाडून आत जावं लागतं, उरतात नुसत्या भिंती. दाढेला चावताना फार जोर येतो, त्या भिंती फाकतात. कॅप सगळं चारी बाजूनं धरून ठेवते. पैशाची अडचण असेल तर धातूची कॅप घ्या, मागच्या दाढेला ती चांगली टिकते, दातासारख्या दिसणाऱ्या सिरॅमिक किंवा झिरकोनियाच्या कॅपचा फरक मुख्यतः दिसण्याचा आणि किमतीचा.

इंजेक्शनचं असं की फार सुजलेल्या जागी भूल कधी कधी नीट चढत नाही, अशा वेळी डॉक्टर आणखी भूल देतात. दुखालंय तर हात वर करायचा, सहन करत बसायचं नाही. सकाळची वेळ घ्या, अण्णांनी नेहमीसारखा नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊन जायचं, उपाशी नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका. आणि रबर डॅम लावणार का ते विचारा, म्हणजे दातावर ताणलेलं पातळ रबर. थुंकी आत जात नाही, आणि धुवायचं औषध किंवा आतून घासायची सुईसारखी बारीक फाइल घशात जात नाही.

पुणेनाका:
खर्चासाठी केगावचं डेंटल कॉलेज पण बघा. माझ्या आईचं तिथं झालं, शिकणारी पोरं करतात पण सर-मॅडम येऊन प्रत्येक टप्पा तपासतात. वेळ मात्र भरपूर लागतो, एकेका वेळी दोन-अडीच तास बसून राहायची तयारी पाहिजे आणि फेऱ्याही जास्त.

शेळगीची_लेक:
अपडेट द्यायचं राहिलं. अण्णांना शुगरमुळं एवढं बसवणार नाही म्हणून आधीच्याच दवाखान्यात गेलो, परवा पहिली बैठक झाली. रबर डॅमचं विचारलं, लावतात म्हणाले आणि लावलं. दाढेच्या मुळांत नसेच्या साधारण तीन नळ्या असतात, अण्णांच्या चार निघाल्या, म्हणून एक फेरी वाढली. दुखलं नाही म्हणाले, फक्त अर्धी जीभ आणि ओठ दोन-तीन तास बधिर. भूल उतरेपर्यंत काही खाऊ दिलं नाही मी, चहा मागत होते. आता एकच, तात्पुरतं भरलेलं सिमेंट कडेला थोडं उडालंय, लगेच जावं लागेल का?

बीडीएस_सोलापूर:
कडेचा थोडा टवका असेल आणि बाकी घट्ट असेल तर पुढच्या तारखेपर्यंत चालेल. सगळं निघालं किंवा आत भोक दिसालंय तर फोन करून त्याच दिवशी जा, थुंकी आत गेली की केलेली सफाई वाया जाते. भाकरी अजून डावीकडनंच.

शेळगीची_लेक:
टवकाच आहे, बॅटरी मारून बघितलं. पुढची तारीख गुरुवारची आहे.