मदत हवी आहे : हिपॅटायटिस बी आहे, सिरॉसिस नाही; दादांनी सोनोग्राफी थांबवावी का?

नमस्कार.

माझे थोरले बंधू ४७ वर्षांचे असून सांगली जिल्ह्यात शेती करतात. अकरा वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून बोलावणे आले, तेव्हा त्यांना हिपॅटायटिस बी असल्याचे कळले. डोळे कधी पिवळे झाले नाहीत, जेवणखाण व्यवस्थित आहे, त्यामुळे ‘कावीळ अंगात असती तर दिसली नसती का?’ असे ते विचारतात. गेल्या महिन्यात फायब्रोस्कॅनमध्ये (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) सिरॉसिस, म्हणजे यकृत निबर होणे, नसल्याचे दिसले आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफी त्यांनी बंद केली.

माझी काळजी अशी की, आमची आई यकृताच्या कर्करोगाने गेली. पोटात पाणी होईपर्यंत तिची हिपॅटायटिसची चाचणी कोणीच केली नव्हती. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली, तर १०० पैकी सुमारे ९० बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो; मोठेपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण पाचांहून कमी असते. म्हणजे दादांचा आजार अकरा वर्षांचा नसून बहुधा जन्मापासूनचा आहे, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

माझ्या वाचनानुसार हिपॅटायटिस सीचा विषाणू आपल्या पेशींच्या डीएनएमध्ये मिसळत नाही; वर्षानुवर्षे सूज राहून यकृत निबर होत जाते आणि कर्करोग बहुतेकदा तशा यकृतातच होतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र स्वतःच्या डीएनएचे तुकडे यकृताच्या पेशींच्या डीएनएमध्ये घुसवतो, त्यामुळे पेशींच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणा बिघडू शकते, आणि म्हणूनच सिरॉसिस नसलेल्या यकृतातही गाठ होऊ शकते. आशियाई पुरुषांनी चाळिशीनंतर, तसेच घरात यकृताचा कर्करोग झालेला असल्यास, सिरॉसिस नसतानाही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असा यकृततज्ज्ञांचा सल्ला आहे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन या विषामुळे हा धोका आणखी वाढतो, हे वाचल्यावर तर आमच्या घरचे शेंगांचे पोते आधी डोळ्यांसमोर आले.

दादांचे यकृताचे एन्झाइम नॉर्मल आहेत, पण व्हायरल लोडचा (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) अहवाल चार वर्षांपूर्वीचा आहे. आईचा इतिहास पाहता अशा स्थितीत टेनोफोविर हे विषाणूरोधक औषध सुरू करतात का, की केवळ लक्ष ठेवतात? राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून २०१८ पासून तपासण्या आणि औषधे मोफत मिळतात. सांगली-कोल्हापूर भागात कोणी त्याचा लाभ घेतला असल्यास कोणत्या रुग्णालयात जावे आणि कोणती कागदपत्रे न्यावीत, हे कृपया कळवावे. माझी चाचणी निगेटिव्ह आली असून मी लस घेतली आहे. वहिनी आणि दोन्ही पुतण्यांची चाचणी अजून व्हायची आहे.

आणि ज्यांच्या घरी असा ‘मला काही होत नाही’ म्हणणारा रुग्ण आहे, त्यांनी त्याला तपासणीसाठी कसे राजी केले, तेही लिहावे. पुढची सोनोग्राफी याच महिन्यात व्हायला हवी होती.