जोसेफ कॅननला १९१० मध्ये नेमकं कोणी आणि किती हरवलं?

(अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचा सभापती कॅनन याच्याविरुद्धच्या बंडावर तिघांचा वाद. 'हरकतीचा मुद्दा', 'तळटीप' आणि 'गणपूर्ती' ही त्यांची टोपणनावं.)

हरकतीचा मुद्दा:
१९ मार्च १९१० म्हटलं की जॉर्ज नॉरिसचा जयजयकार सुरू होतो. नेब्रास्काच्या या रिपब्लिकन सदस्याने स्वतःच्याच पक्षाच्या सभापतीला, इलिनॉयच्या कॅननला, नियम समितीतून (कोणतं विधेयक कधी चर्चेला घ्यायचं हे ठरवणाऱ्या समितीतून) बाहेर काढलं, हे खरं. पण प्रतिनिधिगृहात कॅननकडे तीन किल्ल्या होत्या: समित्यांवर माणसं नेमणं, पाच जणांच्या नियम समितीचं अध्यक्षपद आणि बोलायची परवानगी. सदस्य उभा राहिला की 'कशासाठी उठलात?' असं विचारायचं आणि उत्तर रुचलं नाही तर दुसऱ्याकडे वळायचं. नॉरिसच्या ठरावाने मधली किल्ली तेवढी गेली. समिती दहाची झाली (सहा बहुमतातल्या पक्षाचे, चार अल्पमतातल्या), तिचे सदस्य सभागृहाने निवडायचे आणि सभापतीने तिच्यात बसायचं नाही. बाकी दोन्ही किल्ल्या जागेवरच! त्याच दिवशी कॅननने आपली खुर्ची रिकामी करण्याचा प्रस्ताव स्वतःहून मतदानाला येऊ दिला. टेक्ससच्या बर्लसनने तो मांडला आणि तो १५५ विरुद्ध १९२ मतांनी पडला. मग पराभव कसला?

तळटीप:
मधली किल्लीच मुख्य होती. समितीने मंजूर केलेलं विधेयकही यादीत कुठेतरी खाली पडून राहतं. ते वर काढायला एक तर दोन तृतीयांश मतं हवीत, नाही तर नियम समितीचा विशेष नियम हवा. त्या नियमाला साधं बहुमत पुरतं. पाचपैकी तीन मतं कॅनन आणि त्याच्या दोन विश्वासूंची; दोन डेमोक्रॅट नुसते बसलेले. (आपल्या विधानसभेच्या कामकाज सल्लागार समितीचे अध्यक्ष विधानसभाध्यक्षच असतात, म्हणून आपल्याला यात वावगं वाटत नाही.)

शिवाय नॉरिसची युक्ती बघा. नियम बदलायचा ठराव रीतसर मांडला, तर तो नियम समितीकडेच जाणार आणि तिथेच मरणार. त्याने कागद खिशात ठेवून वाट पाहिली. जनगणनेचा विषय राज्यघटनेत आहे, म्हणून त्याला अग्रक्रम, असं सभागृहाने १७ मार्चला मान्य केलं. नॉरिस लगेच उठला: नियम करण्याचा अधिकारही घटनेनेच दिलाय, अनुच्छेद १, कलम ५, मग माझ्या ठरावालाही अग्रक्रम. नियम समितीतला कॅननचा विश्वासू डॅलझेल याने हरकत घेतली. रात्रभर चर्चा चालली आणि कॅननने निर्णय १९ तारखेपर्यंत लांबवला, कारण गैरहजर माणसं गोळा करायची होती. शेवटी त्याने ठराव नियमबाह्य ठरवला. त्यावर अपील झालं, सभागृहाने निर्णय फिरवला आणि ठराव १९१–१५६ ने मंजूर झाला.

गणपूर्ती:
१९१ मध्ये बहुतेक मतं डेमोक्रॅट्सची आहेत, हे दोघंही गाळताय. मार्च १९०९ मध्ये हाच प्रयत्न फसला, कारण न्यूयॉर्कच्या फिट्झजेराल्डसह काही डेमोक्रॅट कॅननच्या मदतीला गेले. १९१० मध्ये ते फुटले नाहीत. नॉरिसच्या मूळ मसुद्यात राज्यांचे गट पाडून १५ सदस्य होते. दहाचा आकडा तडजोडीतून आला. खुर्चीच्या मतदानात बंडखोर (नॉरिसच्या बाजूने गेलेले रिपब्लिकन) कॅननकडे वळले यातही गूढ नाही. पक्ष दुभंगलेला असताना नव्या सभापतीची निवडणूक म्हणजे डेमोक्रॅट्सना आयती संधी.

हरकतीचा मुद्दा:
मतांचं मान्य. पण पुढे काय झालं? १९११ मध्ये डेमोक्रॅट बहुमतात आले, समित्यांच्या नेमणुका सभापतीकडून निघून त्यांचा सभागृहातला नेता अंडरवुड याच्या हातात गेल्या, आणि पक्षाच्या बैठकीत दोन तृतीयांश मतांनी जे ठरेल त्याला सदस्य बांधील. सभापतीपासून तुटलेली नियम समिती तर पुढे कोणालाच जुमानेना. तिचा अध्यक्ष, व्हर्जिनियाचा हॉवर्ड स्मिथ, नागरी हक्कांची विधेयकं तिथेच अडवायचा. १९६१ मध्ये सभापती रेबर्नला १२ जणांची समिती १५ ची करावी लागली, तीही २१७–२१२ अशा काठावरच्या मतांनी.

तळटीप:
स्मिथचा दोष नॉरिसच्या माथी का? स्मिथला अध्यक्षपदावर टिकवलं ते ज्येष्ठतेच्या प्रथेने (समितीत सर्वांत जुना सदस्य तोच अध्यक्ष); ठरावात तिचा शब्दही नाही. आणि कॅनन? १९१२ ला पडला, १९१४ ला पुन्हा निवडून आला आणि १९२३ पर्यंत त्याच बदललेल्या नियमांखाली साधा सदस्य म्हणून बसला.