सोल्युशन, लुकण की लाख? इंजिनाच्या सांध्याला लावतात त्याला काय म्हणावं

हिंगणघाट तालुक्यातून

माझ्या भाच्याने जुनी यामाहा आरएक्स १०० घेतली, मडगार्ड उतरवलं, खोल खाचांचे टायर चढवले आणि पऱ्हाटी निघालेल्या वावरातून ती डर्ट बाइक म्हणून पळवू लागला. पुढे त्याने इंजिन घरीच उघडलं. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचे, दोन भाग जोडताना मधे काय लावू म्हणून गावच्या मिस्त्रीला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "सोलुशन लाव न बे, पातळ लावजो." पोराने पंक्चरच्या डब्यातलं सोल्युशन लावलं.

रबराचं ते सोल्युशन पेट्रोलमध्ये विरघळतं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-तेलाचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच येतं, त्यामुळे सांधा आतून धुतला गेला. बाहेरची हवा आत ओढली जाऊ लागली, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं आणि तापून पिस्टन धरला, म्हणजे आत अडकून बसला.

मिस्त्री म्हणतो मी बरोबर सांगितलं, भाचा म्हणतो मला सांगितलं तेच लावलं. दोघंही खरं बोलतात. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून निवाडा माझ्याकडे आला आहे. सीलंटला, म्हणजे सांधा बुजवायच्या लेपाला, असा शब्द हवा की तो ऐकून हात दुसऱ्या डब्याकडे जाणार नाही. आता पुन्हा इंजिन उघडायचं आहे, बेरिंगही बदलायची आहेत, तेव्हा त्या हत्यारांचे शब्दही सुचवा.

वर्ध्याहून

ताई, परिभाषेत पिस्टनला दट्ट्या, क्रँकशाफ्टला भुजादंड, बेअरिंगला धारवा असे शब्द आहेत. धारवा मला मनापासून आवडतो, धारण करतो तो धारवा. सीलंटसाठी मात्र नवा शब्द घडवायची गरज नाही. 'लुकण' आहे. दोन भांड्यांचा सांधा बुजवायला जो चिकट लगदा लावत, तो लुकण. मोहाच्या भट्टीत मडक्यावर मडकं ठेवून सांध्याला जे थापतात, ते काम नेमकं हेच. (भट्टी मी फक्त ऐकून आहे.)

अकोटहून

मी टर्नर आहे, कोश नंतर पाहू. आधी तीन वस्तू वेगळ्या करा, घोळ तिथेच आहे. दोन स्थिर तोंडांच्या मधे कापलेला कागद किंवा पत्रा बसतो, ते 'पॅकिंग'. याला गॅसकेट कोणीही म्हणत नाही, दुकानदारसुद्धा. फिरत्या दांड्याभोवती रबरी ओठ असलेली कडी बसते, ती 'सील'. आणि ट्यूबमधून पिळून लावतात ते तिसरं. त्याला कोणी सोल्युशन म्हणतो, कोणी पेस्ट, कोणी नुसतं 'बॉन्ड'. यामाहाच्या पुस्तिकांत क्रँककेसच्या सांध्याला 'यामाबॉन्ड' लावायला सांगतात. 'बॉन्ड' म्हटलं असतं तर निदान पंक्चरचा डबा उघडला नसता.

पण नुसत्या 'बॉन्ड'नेही भागत नाही. काउंटरवर बॉन्ड मागितला की बहुतेक वेळा सिलिकॉन हातात येतं, अ‍ॅनाबॉन्ड वगैरे. इंजिन ऑइलच्या झाकणाला ते चांगलं. पेट्रोल लागलं की फुगतं, म्हणून टू-स्ट्रोकच्या क्रँककेसला नको. शिवाय लोक ते आइसिंगसारखं जाड लावतात. बोल्ट आवळले की जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही निघतं. फोर-स्ट्रोकमध्ये त्याच्या शेवया तेलाच्या जाळीत जाऊन अडकतात.

गोंदियाहून

माझे वडील सांध्याला 'शेलॅक' लावत. तपकिरी, चिकट, स्पिरिटचा वास. तो इंग्रजी शब्द वाटतो, पण उकला तर आत आपली लाख निघते. संस्कृत लाक्षा, प्राकृतातून आपली लाख, इंग्रजीत जाऊन लॅक. लाख वितळवून पातळ पापुद्रे करतात म्हणून शेल-लॅक. आमच्या भागात पळसावर आणि कुसुमावर लाखेचा किडा वाढवतात. म्हणजे माल पळसाचा, नाव सातासमुद्रापार जाऊन आलेलं, आणि गॅरेजमध्ये आम्ही त्याला परका समजत होतो. पाकिटाला लाखेची मोहर करतात, तिथे 'सील'चा अर्थही हाच.

म्हणून माझं मत 'लाख' शब्दाला. वस्तूला नाही! लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण दारूच्या जातीत विरघळते, आणि आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. वडिलांच्या काळी चाललं म्हणून आज लावू नका.

हिंगणघाट तालुक्यातून

लाख वाचून हरखले, पण तुम्हीच शेवटी पाय मागे घेतला. 'लाख लाव' म्हटलं तर भाचा खरंच लाख आणेल, त्याचा भरवसा नाही. लुकण मी मिस्त्रीला ऐकवलं. तो म्हणाला, "हे कोन्त्या कंपनीचं हाय?"

क्रियापदाचंही अडतं. ट्यूबवरची सूचना मराठीत लिहून देताना मी 'वाळू द्यावे' लिहिलं. बरोबर का?

अकोटहून

इथे मात्र तुमच्या विषयाची गंमत आहे. सिलिकॉन घट्ट होतं ते हवेतल्या ओलाव्याने. श्रावणात लवकर, आणि आपल्याकडे मे महिन्यात झळा सुरू असल्या की उशिरा. 'वाळायला ओल लागते' असं वाक्य मुलांना शिकवाल का?

दुसरी जात त्याच्याही उलट, लॉकटाइटचं फ्लॅन्जचं सीलंट असतं तसली. तिला हवा लागली तर ती पातळच राहते. धातूच्या दोन तोंडांमधे कोंडली, हवा तुटली की घट्ट होते. म्हणून तिची बाटली कंपनी काठोकाठ भरत नाही, आत हवा ठेवते. गिऱ्हाईक भांडतं, अर्धी बाटली विकली म्हणून. हिलाही 'वाळणे' चालत नाही.

आम्ही 'धरलं' म्हणतो. सिमेंट धरतं तसं. कशाने धरलं ते शब्द सांगत नाही, आणि तेच सोयीचं.

वर्ध्याहून

पण ताईंच्या पहिल्या निरोपात पिस्टनही 'धरला' आहे.

अकोटहून

तो धरायला नको होता, हे धरायला हवं. मराठीत एवढं चालतं.

आता हत्यारं. बाहेरून कडेला पकडून ओढतो तो पुलर म्हणजे आपला पऱ्हाटी उपटायचा चिमटा. पण केसमधलं काही बेरिंग मागून बंद असलेल्या घरात बसतं. त्याची बाहेरची कड हाती लागत नाही. तिथे बेरिंगच्या आतल्या भोकात हत्याराचं बोट घालून ते फुगवायचं आणि सरकत्या हातोड्याने बाहेर ओढायचं. आमच्याकडे त्याला 'उलटा चिमटा' म्हणतात. पुलरचं 'ओढणी' करू नका, दुकानदार कापडाच्या दुकानात पाठवेल.

बसवताना 'ठोकणे' हा शब्दच काढून टाका. केस १०० अंशांपर्यंत सारखी तापवा, बेरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. उदाहरणाला ६२०४ नंबरचं बेरिंग धरा, बाहेरचा व्यास ४७ मिमी. त्याचं घर ३० अंशांवरून १०० वर नेलं की साधारण ०.०७५ मिमी मोठं होतं. तेवढ्याने बेरिंग बहुतेक वेळा आपल्या वजनानेच आत जातं. अडलंच तर केसमध्ये बसवताना बाहेरच्या कडीवर दाबायचं, दांड्यावर चढवताना आतल्या. उलट केलं की सगळा मार गोळ्यांवर जातो, कडीत खळगे पडतात आणि नवं बेरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं.

गोंदियाहून

'घर' हा शब्द किती चांगला आहे. आमचे वडील म्हणत, "घर ढिलं झालं त बेरिंग राहत नाही." आजी ऐकून हसायची.

हिंगणघाट तालुक्यातून

ठरलं ते लिहिते. ट्यूबवर चिठ्ठी लावली आहे : 'सांध्याचा बॉन्ड, पेट्रोल चालतं'. पंक्चरच्या डब्यावर : 'पंक्चर. फक्त ट्यूबला'. लुकण मी दहावीच्या वर्गासाठी राखून ठेवला. धरणे आणि उलटा चिमटा मिस्त्रीकडून तपासून घेतले. चिमट्याला तो म्हणाला, "हो, तोच त."

एक राहिलं. मी वहीत 'बेरिंग बसवलं' लिहिलं, भाच्याने खोडून 'बसवली' केलं.

अकोटहून

आमच्या वर्कशॉपात दोन्ही ऐकू येतं. हिंदीतून आलेला कारागीर 'बसवली' म्हणतो.

वर्ध्याहून

धारवा घ्या, तो बसवला.