मदत हवी आहे: बाबांच्या नसा जाड झाल्यात, म्हणजे ब्लॉकेज का?

सांजवात: मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बाबांचा पडदा तपासला. रिपोर्टात 'हायपरटेन्सिव्ह रेटिनोपथी ग्रेड २, ए-व्ही निकिंग'. डॉक्टर म्हणाले, बीपीने नसा जाड झाल्यात, फिजिशियनना दाखवा. अपॉइंटमेंट सोमवारची. हे साफ करता येतं का? प्लीज लवकर सांगा.

चष्मिष: वय? बीपी किती? शुगर?

सांजवात: बीपी आहेच हो, गोळी चालू आहे. साफ होतं का ते सांगा ना.

तात्या_७५: रोज अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या. माझ्या नसा एकदम स्वच्छ!

चष्मिष: तात्या, आत डोकावून बघितलंत का?

तात्या_७५: तुम्ही गोळ्याच खा.

लॅबवाला: लसूण राहू द्या. साफ करण्यासारखं आत काही साचलेलंच नाही, ब्लॉकेज वेगळं. सतत दाब सोसून बारीक रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या नसेच्या) भिंतीतला स्नायूचा थर जाड होतो आणि आतली वाट अरुंद होते. पडद्यावर रोहिणी नीलेला (रक्त परत नेणाऱ्या नसेला) ओलांडते तिथे दोघींचं बाहेरचं वेष्टन एकच असतं, म्हणून जाड झालेली रोहिणी खालच्या नीलेला दाबते. तेच निकिंग. तिथेच नीला बंद पडायचा धोका असतो. ग्रेड ३ ला रक्तस्राव दिसतो, ४ ला नेत्रतंतूच्या तोंडाशी सूज. ही प्रतवारी १९३९ ची आहे. असेच बदल किडनीतही होतात, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासा. आकडा सांगाल का आता?

सांजवात: वय ७१. काल १६८/७४. शुगर नाही. खालचा तर नॉर्मल आहे ना?

लॅबवाला: वरच्या-खालच्यातलं अंतर बघा, ९४! महाधमनीतले लवचिक तंतू तुटून कोलॅजन (न ताणणारे कडक तंतू) वाढलं की ती ताठ होते. मग वरचा चढतो, खालचा उतरतो. उतारवयात हे नेहमीचं, पण नॉर्मल नव्हे.

गच्चीवरून: मशीन मनगटाचं असेल तर आकडा विसरा. दंडाचंच घ्या, पट्टा दंडाच्या मापाचा हवा.

चष्मिष: गोळी रोज घेतात का?

सांजवात: चक्कर येते म्हणून मधेमधे सोडतात. त्याचा काय संबंध?

चष्मिष: अहो, तोच तर! गोळी सुटली की दाब चढतो. सोमवारी हे आधी सांगा. उभं करूनही बीपी मोजायला लावा, उभं राहिल्यावर दाब उतरून चक्कर येते का ते कळेल. दाब ताब्यात राहिला तर बारीक नसांची जाडी काही अंशी कमी होऊ शकते, पण औषध स्वतःहून बदलू नका. अचानक दिसेनासं झालं तर सोमवारची वाट बघू नका.

मीनल_ठाणे: मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेन्स मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) घेऊ नका, सासूबाईंना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात.