मिस्सात समई, आरती, पंचांग प्रणाम: परवानगी नेमकी कशाला?

वाडीकर: आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) महिन्यातून एक मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) भारतीय पद्धतीने करायचं घाटतंय. काही जण म्हणतात हे हिंदूकरण, काही म्हणतात रोमचाच आदेश आहे. खरं काय? आणि आरती नक्की कधी घ्यायची?

वेदीसेवक: आदेश नाही, मुभा आहे. भारतातल्या बिशपांनी मागितली आणि रोमने एप्रिल १९६९ मध्ये दिली. एकूण बारा मुद्दे. पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणं, पंचांग प्रणाम (गुडघे, हात आणि डोकं जमिनीला टेकवून), वस्तूचं चुंबन न घेता तिला हात लावून तो कपाळाला नेणं, शांतीची खूण म्हणून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, वेदीवरच्या चौकोनी कापडाऐवजी तबक, अंगवस्त्र आणि आरती यांचा त्यात समावेश आहे. यातलं काय आणि कुठे आणायचं हे बिशपांच्या हाती. तेव्हा पहिला अर्ज तिकडे.

जे बदलत नाही तेही सांगून ठेवा: भाकर गव्हाचीच, द्राक्षारस द्राक्षांचाच. समई आली म्हणून पास्काची (ईस्टरची) मेणबत्तीही हटत नाही, ती मेणाचीच लागते.

आरतीच्या जागा दोन: अर्पणाच्या वेळी (भाकर-द्राक्षारस वेदीवर ठेवताना) आणि कृतज्ञतास्तुतीच्या (त्यांवरच्या मुख्य प्रार्थनेच्या) शेवटी, फादर तबक आणि प्याला उंचावतात तेव्हा. (सुरुवातीला फादरांचं स्वागत एकेरी आरतीने करता येतं, ते वेगळं.) या दुसऱ्या जागीच घोळ होतो. गायनमंडळ आरतीचं लांबलचक गाणं सुरू करतं, फादरांचे शब्द त्यात बुडतात आणि लोकांचं 'आमेन' हरवतं. खरं तर संपूर्ण प्रार्थनेला लोकांची संमती त्या एका 'आमेन'मध्ये असते. म्हणून शब्द चालू असताना आरती नुसती ओवाळायची, हवं तर हलकी घंटा, आणि आरती थांबली की सगळ्यांनी 'आमेन' गायचं.

तीन जणांकडे फुलं, धूप, दीप वेगवेगळे द्या, एकाच ताटात गर्दी नको. कापूर टाळा, काजळी थेट वेदीच्या कापडावर बसते. वेदीजवळचा पंखा आधी बंद. समई काठोकाठ भरू नका, उचलताना तेल सांडतं. पंचांग प्रणामाला बाकांमध्ये जागाच नसते, पुढच्या दोन-तीन ओळी काढाव्या लागतील. ज्येष्ठांनी उभ्यानेच वाकावं.

नगरी: वरचं सगळं बरोबर, पण 'भारतीय' म्हणजे कुणाचं? नगर-जालना भागातला मराठी ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणात महार-मांग समाजांतून आला. ज्या गाभाऱ्यात पूर्वजांना पाऊल टाकू दिलं नाही, तिथलेच धूप, घंटा, संस्कृत मंत्र 'आपली संस्कृती' म्हणून समोर ठेवले तर लोक बिथरणारच. दलित ईश्वरविज्ञानाचा (दलितांच्या अनुभवातून मांडलेल्या ख्रिस्ती धर्मविचाराचा) आक्षेप नेमका हाच आहे. हिंदूकरणाच्या तक्रारीपेक्षा मला तो जास्त वजनदार वाटतो.

भजनाचं तसं नाही. कवी ना. वा. टिळक जन्माने ब्राह्मण, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंग निवडला, आणि अभंग चोखामेळ्याचाही आहे. टाळ-मृदंग, ओवी, कीर्तन इथून सुरुवात केली तर कुणाला परकं वाटणार नाही. वसईत असाल तर सामवेदी किंवा कोळी बोलीतलं गाणं संस्कृत श्लोकापेक्षा जवळचं.

वाडीकर: म्हणजे आधी भजन, मग समई. स्वागताला कुंकवाचा टिळा लावायचा बेत आहे, चालेल?

वेदीसेवक: बारा मुद्द्यांत टिळ्याचं नाव नाही. लावायचाच तर चंदनाचा, आणि सगळ्यांना. कुंकू ठेवलं की ताट धरणारी बाई विधवांपाशी अडखळते आणि स्वागताचा अपमान होतो.

आणखी एक: ख्रिस्तशरीराला (मिस्सात दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीला) निवेदनात 'प्रसाद' म्हणू नका. लग्नाच्या मिस्साला आलेले हिंदू पाहुणे प्रसाद नाकारत नाहीत, भक्तिभावाने रांगेत येतात, आणि ते कॅथलिकांपुरतंच असल्याने वेदीपाशी त्यांना परत पाठवावं लागतं. मिस्सा सुरू होण्याआधीच नम्रपणे सांगा. पेढे-केळी द्यायची तर मिस्सा संपल्यावर, दाराबाहेर, सर्वांना.